खाजणाचा बांध आणि कायद्याची रेषा

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी जुन्या गोव्याला जाणारे आपले वसईकर भाविक आता करमळी स्थानकावर उतरतात. गाडी मांडवीचा पूल ओलांडू लागली की डब्यातील जपमाळ क्षणभर थबकते आणि सगळे खिडकीशी येतात. बाहेर नदी, नदीला लागून तिवरांची दाट रांग, तिच्यामागे मातीचा लांबलचक बांध आणि बांधाच्या आत नदीच्या पातळीपेक्षाही सखल भासणारी शेते दिसतात. स्थानकाला लागूनच करमळीचे तळे आहे. हिवाळ्यात त्यावर पाखरांचे थवे उतरलेले असतात. २०२४ च्या डिसेंबरात आमच्या धर्मग्रामातील मंडळींबरोबर मी तिथे उतरलो, तेव्हा एका आजींनी विचारले, “फादर, नदी वर आनि शेत खाली, मग हे बुडत कसं नाय?” बस सुटण्याच्या घाईत मी काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न साधा नव्हता. त्याचे उत्तर देता देता किमान तेराशे वर्षे मागे जावे लागते आणि पुन्हा आजच्या सरकारी अधिसूचनांपर्यंत यावे लागते.

त्या शेतांना गोव्यात ‘खाजन’ म्हणतात. शब्द आपल्याला परका नाही. आपल्याकडे खाजण म्हटले की भरतीचे पाणी येते-जाते अशी चिखलट, तिवरांनी भरलेली, कुणाच्या फारशा कामाची नसलेली जागा डोळ्यांपुढे येते. गोव्यात मात्र त्याच शब्दाचा अर्थ नेमका उलट झाला आहे. तिथे खाजन म्हणजे कामाची जमीन, नदीमुखाच्या खाऱ्या चिखलातून पिढ्यान् पिढ्यांनी बांध घालून कमावलेली. मांडवी, जुवारी आणि लहानसहान नद्यांच्या काठांनी अशी सुमारे सतरा-अठरा हजार हेक्टर जमीन पसरलेली आहे. तिचा बराच भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणजे आजींचे निरीक्षण बिनचूक होते.

हे शेत बुडत का नाही, ते मी प्रथम पाहिले १९९४ च्या अखेरीस. तेव्हा मी सेमिनरीचा विद्यार्थी होतो. त्या वर्षीही अवशेषदर्शनाचा सोहळा होता. कोकण रेल्वे अद्याप पुरी व्हायची होती, म्हणून आम्ही एस. टी. ने गेलो आणि साष्टी तालुक्यात, जुवारीच्या काठी असलेल्या माझ्या एका वर्गमित्राच्या घरी उतरलो. रात्री जेवणे उरकल्यावर मित्राचे वडील कंदील घेऊन निघाले आणि म्हणाले, “पाद्री होणाऱ्यांनी मानस पाहिला पाहिजे.” आम्हाला वाटले, काही कोटी करीत असतील. ते आम्हाला बांधावर घेऊन गेले.

मानस म्हणजे बांधातले पाण्याचे दार. आपल्या ठाणे-रायगडाकडच्या खारबंदिस्तीत जिला उघाडी म्हणतात, तीच ही. चिऱ्यांच्या भक्कम चौकटीत लाकडी झडपा बसवलेल्या असतात. नदीला भरती आली की बाहेरचे पाणी झडपा आतल्या बाजूला दाबून घट्ट मिटवते. ओहोटी लागली की आतले साठलेले पाणी त्या बाहेर ढकलून उघडते. यंत्र नाही, पहारेकरी नाही. दिवसातून दोनदा चंद्रच दार उघडतो आणि मिटतो. दाराच्या आतल्या बाजूस एक रुंद नाळ असते, तिला ‘पोंय’ म्हणतात. गावाच्या टेकडीवरून येणारे ओढे, शेतातले पावसाचे पाणी, सारे तिच्यात उतरते आणि ओहोटीबरोबर नदीला मिळते. बाहेरचा मोठा बांध नदीला अडवतो, आतला लहान बांध पोंयीतले मचूळ पाणी शेतात चढू देत नाही. बाहेरच्या बांधाच्या पायथ्याशी तिवरे मुद्दाम राखलेली असतात, कारण लाटेचा पहिला मार ती सोसतात. त्या रात्री ओहोटीच्या वेळी दाराला पिशवीसारखे जाळे लावले होते. पाणी सुटले तशी सुंगटे, शेवटे, खेकडे जाळ्यात जमू लागले. मित्राच्या वडिलांनी कंदील खाली धरला आणि झडपेच्या फटीवरून हात फिरवीत ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हांगा बोट भर फट पडली की शेत तीन वर्सां गेलें.” एकदा खारे पाणी शिरले की मातीतले मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात, हे त्यांना सांगायचे होते.

पावसाळ्यात धो धो पाऊस मातीतले मीठ धुऊन काढतो, तेव्हा तिथे भात होते, तेही कोरगुटासारखे खार सोसणारे वाण. कापणी झाली की तीच जमीन कुठे मासळीला, कुठे मिठागराला, कुठे भाजीला जाते. एकाच तुकड्यात शेतकरी, मच्छीमार आणि मीठकरी यांचे पोट असते आणि तिघांचे हित परस्परविरोधी असते. कोळंबी धरणाऱ्याला खारे पाणी जास्त दिवस आत हवे असते, भात लावणाऱ्याला ते वेळेत बाहेर हवे असते. म्हणून खाजनाला मातीच्या बांधाइतकाच नियमांचाही बांध लागतो. आपला विषय तो दुसरा बांध हा आहे.

फोंड्याजवळच्या बांदिवडे येथे सापडलेल्या, सहाव्या-सातव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या एका ताम्रपटात ‘खज्जन’ हा शब्द येतो. दान मिळालेली ती जमीन खाऱ्या पाण्याला बांध घालून लागवडीस आणावयाची होती. म्हणजे पोर्तुगीज येण्यापूर्वी सुमारे नऊशे वर्षे हा उद्योग चालू होता. तो करणारी संस्था म्हणजे गावकरी. मूळ वसाहत करणाऱ्या कुळांचे वंशज ते गावकर. जमीन कुणा एकाची नाही, गावाची. ती लिलावाने खंडाने द्यायची. उत्पन्नातून राजाचा सारा, देवळाचा खर्च आणि बांधांची डागडुजी भागवायची. आणि उरेल ते ‘झोण’ म्हणून गावकरांत वाटायचे. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. बांधाचा खर्च आधी, वाटणी नंतर.

१५१० मध्ये पोर्तुगिजांनी तिसवाडी घेतली. पुढे सोळा वर्षांनी, १६ सप्टेंबर १५२६ रोजी, आफोन्सो मेशिया या महसुली अधिकाऱ्याने गावकरीच्या चालीरीतींची सनद तयार केली. तिला ‘फोराल’ म्हणतात. थोड्याशा माणसांनी येऊन हे ओसाड बेट लागवडीस आणले आणि त्यांच्या चांगल्या कारभारामुळे त्यांना गावकर हे नाव पडले, अशी लोकांची परंपरागत समजूत तिच्यात नोंदलेली आहे. पोर्तुगिजांनी ही व्यवस्था का राखली? केवळ औदार्याने नव्हे. बांध कसा राखावा हे लिस्बनला ठाऊक नव्हते आणि बांध गेला तर सारा बुडणार होता. त्यांनी गावकरीचे नाव ‘कोमुनिदाद’ केले, तिला कायद्याच्या चौकटीत बसवले. १९०४, १९३३ आणि १९६१ अशा तीन संहिता विसाव्या शतकातच निघाल्या. मानशीवरील मासळीचा लिलाव कसा व्हावा, तो घेणाऱ्याची दाराबाबत जबाबदारी काय, बांध खचला तर खर्च कोणाच्या माथी, असल्या बाबी गावाच्या सवयीतून कागदावर आल्या. शेत कसणाऱ्यांचे स्वतंत्र मंडळ असे, त्याला ‘बौस’ म्हणत. रोजची देखभाल त्याची. बांधाला भगदाड पडले की कोणाचे शेत आहे हे न विचारता साऱ्यांनी टोपल्या घेऊन धावायचे, हा रिवाज होता.

इथे आपल्या ख्रिस्तसभेविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १५४० नंतर तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्च व कपेलांकडे वळवण्यात आले. पुढे साष्टीतही तेच झाले. ज्या खाजनांच्या भातावर देवळातला नंदादीप तेवत होता, त्याच भातावर वेदीवरच्या मेणबत्त्या पेटू लागल्या. हा इतिहास सुखद नाही. तो झाकल्याने पवित्र होत नाही. पण धर्म बदलला तरी बांध बदलला नाही, हेही तितकेच खरे. नवे कणीस देवाला वाहण्याची चाल टिकली. रायच्या चर्चमध्ये दरवर्षी ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. धर्मगुरू शेतात जाऊन पहिल्या लोंब्या कापतात. दिवाडी बेटावर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी ‘बोंदेरां’ होतो. आज त्याला पर्यटकांचा मेळा म्हणतात, परंतु त्याचे मूळ वाड्यांमधील जमिनीच्या हद्दीच्या भांडणात आणि त्या हद्दींवर लावलेल्या निशाणांत आहे.

गावकरीचे गोडवे गाताना आमचे काही गोवेकर मित्र वाहवत जातात. तसे होऊ नये. झोण मिळे तो गावकर कुळातील पुरुषांना. बायकांना नाही. ज्यांनी कमरेइतक्या चिखलात उभे राहून बांध रचला, त्या कुणबी-गावड्यांना तर नाहीच. चिखल उपसणारा एक आणि वाटा घेणारा दुसरा, ही रीत तिथेही होती. म्हणून १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर १९६४ साली कूळकायदा आला आणि पुढे १९७६ च्या दुरुस्तीने कसेल त्याला जमीन मिळाली, तेव्हा तो न्यायच झाला. याविषयी माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती निराळ्या गोष्टीविषयी. जमीन वाटली गेली, पण बांध वाटता येत नाही. १९७५ च्या नियमांनी बांध व मानस राखण्याची सामाईक जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे दिली. कागदावर जुना बौसच पुन्हा उभा केला गेला. मात्र कोमुनिदादीकडे खंडाचे उत्पन्न असे, त्यातून बांधाचा खर्च निघे. तो झरा आटला. संघटनांच्या हाती उरले ते मुख्यतः मानशीवरच्या मासळीच्या लिलावाचे पैसे. जिथे उत्पन्न मासळीचे, तिथे हळूहळू दारही मासळीच्या सोयीने उघडू-मिटू लागले. काही ठिकाणी खारे पाणी मुद्दाम आत ठेवले गेले, काही ठिकाणी बांध फोडल्याच्या तक्रारी झाल्या. भाताचे शेत कोळंबीचे तळे झाले.

याच काळात नदीतून लोहखनिजाच्या बार्जेस वाढल्या. मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्यांतून त्या ये-जा करीत आणि त्यांच्या लाटा बांधाचा पायथा दिवसरात्र पोखरीत. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, तोपर्यंत बरेच नुकसान होऊन गेले होते. मग आली ती आपली लाडकी कोकण रेल्वे. १९९१-९२ पासून गोव्यात तिच्या मार्गाविरुद्ध मोठे आंदोलन झाले. खाजनांतून भराव टाकला तर पाण्याच्या वाटा तुंबतील, हा एक मुख्य आक्षेप होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९९२ मध्ये याचिका फेटाळली गेली. रेल्वेच्या कायद्यापुढे पर्यावरणाच्या कायद्याची अट चालणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. १९९८ मध्ये सारा मार्ग खुला झाला. आज त्याच भरावावरून आम्ही जपमाळ म्हणत जातो. मी स्वतः गेलो आहे आणि पुन्हा जाईन, त्यामुळे या बाबतीत कुणाला बोट दाखवण्याचा अधिकार मला नाही.

गावाचा नियम सैल झाला, तेव्हा राज्याचा आणि केंद्राचा नियम पुढे आला. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले की, भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा किनारा बांधकामांपासून मोकळा ठेवावा. पत्र हा कायदा नव्हे. कायदा आला १९ फेब्रुवारी १९९१ रोजी, सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेच्या रूपाने. तीत समुद्रकाठाबरोबर खाड्या आणि भरतीच्या नद्यांचे काठही आले. काठापासून किमान शंभर मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके, यांपैकी जे कमी असेल तेवढे अंतर संरक्षित ठरले. समुद्राची पुळण सगळ्यांना दिसते, खाडीचा काठ कोणी पाहत नाही; म्हणून ही तरतूद मला मोलाची वाटते. तिचे पुढे काय झाले पाहा. १९९४ मध्ये दुरुस्ती करून शंभराचे पन्नास मीटर केले. १८ एप्रिल १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली आणि राज्यांना किनारपट्टीचे आराखडे तयार करण्याचा आदेश दिला. २०११ च्या अधिसूचनेत शंभर मीटर कायम राहिले. २०१९ च्या अधिसूचनेत पुन्हा पन्नास आले. पंचवीस वर्षांत तोच काठ आकसला, पसरला आणि पुन्हा आकसला. भरतीची रेषा कागदावरही हलते म्हणायची!

२०११ च्या अधिसूचनेने खाजनांचे नाव घेतले, ही गोव्यासाठी मोठी गोष्ट होती. भरतीच्या प्रभावाखालील या सखल जमिनींचे नकाशे करावेत, तेथील तिवरांचे रक्षण करावे, व्यवस्थापनाचा आराखडा तयार करावा आणि खाजनात विकासाची कामे होऊ देऊ नयेत, असे तीत म्हटले होते. तेराशे वर्षांच्या कष्टांना दिल्लीच्या राजपत्रात जागा मिळाली. त्या अधिसूचनेप्रमाणे गोव्याचा आराखडा मंजूर व्हायला मात्र २०२२ साल उजाडले.

याच्या जोडीने गोव्यातच एक लढा झाला, तो अधिक स्थानिक आणि म्हणून आपल्याला जवळचा. २००६ मध्ये जाहीर झालेल्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’ मध्ये शेते, टेकड्या, नदीकाठ मोठ्या प्रमाणावर वसाहतींसाठी रंगवले गेले होते. गावोगावच्या लोकांनी नकाशे उघडून आपले शेत कोणत्या रंगात आहे ते पाहिले आणि गोवा बचाव अभियान उभे राहिले. त्यात सर्व धर्मांचे लोक होते आणि चर्चच्या सामाजिक न्याय व शांतीच्या कार्याशी जोडलेली मंडळीही होती. जानेवारी २००७ मध्ये सरकारने आराखडा मागे घेतला. नव्या आराखड्यासाठी कृतिदल नेमले गेले. विख्यात वास्तुविशारद चार्ल्स कुरैय्या, मूळचे गोव्याचेच, त्यात होते. नकाशे ग्रामपंचायतींकडे पाठवले गेले, गावाने आपली शेते, झरे, ओढे, तळी स्वतः दाखवावीत म्हणून. ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ मध्ये भातशेते आणि खाजने सर्वांत संवेदनशील पहिल्या श्रेणीत आली. मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत भावते ते हे की, काही वर्षे का होईना, ग्रामसभेत नकाशा पसरून म्हातारी माणसे बोट ठेवून सांगत होती, इथे मानस आहे, इथून ओढा येतो. जुन्या गावकरीपेक्षाही ती सभा व्यापक होती. तीत बायका होत्या, कुणबी होते.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो अजून न्यायालयात आहे. नगरनियोजनाच्या कायद्यात २०२३ मध्ये १७(२) हे कलम घालण्यात आले. आराखड्यातील ‘नजरचुकीने झालेल्या चुका’ दुरुस्त करण्यासाठी ते होते. एकेका तुकड्याची श्रेणी अर्जावर बदलू लागली. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालील नियम रद्द केले आणि वाद सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. भातशेती शेतकरी नसलेल्यांना विकण्यावर बंधन घालणारा कायदाही गोव्याने २०२३ मध्येच केला आहे, हेही नोंदले पाहिजे. एक हात बांध घालतो, दुसरा हात फट ठेवतो.

२०२४ च्या यात्रेत एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा मी त्या वर्गमित्राच्या गावी गेलो. मित्र आज दूरच्या एका धर्मप्रांतात आहे, वडील केव्हाच देवाघरी गेले. धाकट्या भावाने मला बांधावर नेले. मानशीची एक झडप निखळलेली होती. आत जिथे मी कोरगुटाची पोटरी आलेली पाहिली होती, तिथे डोक्यापेक्षा उंच तिवरे वाढली होती. बगळे होते, धीवर होते, चिखलात खेकड्यांची बिळे होती. दृश्य सुंदर होते आणि ते पाहताना मला तसे वाटले याची लाजही वाटली. भाऊ म्हणाले, “फादर, बांध बांदपाक अर्ज केला. कचेरीतल्यांनी सांगलें, तिवर कापूंक जायना.” त्यांची चूक नव्हती, कचेरीचीही नव्हती. तिवरांना गोव्याच्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याचे आणि किनारा अधिसूचनेचे संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवे.

मग गाठ कुठे बसली आहे? घरी परतल्यावर मी शांतपणे त्या अधिसूचना काढून वाचल्या. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. त्यांनी पाणथळ जागेच्या व्याख्येतून भातशेते वगळली आहेत, मिठागरांसाठी आणि मत्स्यशेतीसाठी माणसाने केलेली तळी वगळली आहेत. म्हणजे खाजनाचे तिन्ही अवतार बाहेर. २०१९ च्या किनारा अधिसूचनेत असे आहे की, १९९१ पूर्वीचा बांध किंवा झडपेचे दार असेल तर भरतीरेषा त्या बांधापाशीच थांबते. परंतु बांधाच्या आत खारे पाणी शिरून तिवरे उगवली असतील तर ती जागा सर्वांत कडक संरक्षणाच्या श्रेणीत जाते. राज्याचा नवा किनारपट्टी आराखडा मंजूर झाला की ही तरतूद लागू होते. तिचा अर्थ उलगडून पाहावा. ज्याने बांध राखला, शेत पिकवले, त्याची जमीन किनाऱ्याच्या कायद्याच्या बाहेर पडते आणि घरे बांधणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. ज्याचा बांध फुटला त्याची जमीन जंगल म्हणून सुरक्षित होते, पण शेत म्हणून संपते. खाजन हे पूर्ण निसर्गही नव्हे आणि पूर्ण शेतही नव्हे. माणसाने दररोज हात लावला तरच टिकणारी ती पाणथळ जागा आहे. आपले कायदे ‘हात लावू नका’ एवढेच सांगू शकतात. ‘रोज हात लावा’ हे सांगणारा नियम फक्त गावापाशी होता. तो अन्यायाने माखलेला होता हे मी वर सांगितलेच. अन्याय काढून टाकताना त्यातली ही एक ओळही पुसली गेली, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता आपल्या अंगणात येतो. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडे होती. आपल्याकडेही खाजणे होती, मिठागरे होती, खारीचे बांध होते, उघाड्या होत्या. गावात बावखले होती, ती पावसाचे पाणी पोटात घेत. १९९० च्या दशकात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली जो लढा दिला, त्यात पाणी हाच कळीचा शब्द होता. २०२४ च्या जुलैत ते आपल्याला सोडून गेले. जुलै २०१८ मध्ये दिवसेंदिवस पाणी ओसरेना, मिठागरांवरची कुटुंबे अडकून पडली, चर्चच्या सभागृहांत चुली पेटल्या, तेव्हा आपण सगळ्यांनी ‘पाणी आले कुठून’ असे विचारले. खरा प्रश्न पाणी जायचे कुठून हा होता. त्या दिवसांत आमच्याकडील एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितले की, त्यांच्या आज्याच्या काळी अमुक ठिकाणी एक उघाडी होती आणि तिच्या दुरुस्तीसाठी घरटी एक माणूस द्यावा लागे. मी ती जागा शोधायला गेलो. तिथे आता चार मजली इमारत आहे आणि तळमजल्यावर पाण्याची खूण कमरेइतकी आहे.

ही उघाडी कोणाच्या नावावर होती, घरटी माणूस देण्याचा नियम कुणी केला, तो कुठल्या वहीत लिहिला होता, यांपैकी काहीच आज सांगता येत नाही. गोव्याच्या सुदैवाने त्यांच्याकडे १५२६ चा फोराल आहे, कोमुनिदादींची दप्तरे आहेत. आपल्याकडे कागद विखुरलेले आहेत. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पेटीत, कुणाच्या भाऊबंदकीच्या खटल्याच्या फायलीत ते असतील. ज्यांच्या घरी खारीच्या बांधाच्या वर्गणीच्या पावत्या, उघाडीच्या लिलावाची कागदपत्रे, मिठागराचे जुने नकाशे किंवा बावखलाच्या हद्दीचे दाखले असतील, त्यांनी ते आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात आणून दाखवावेत. मोडीतले असोत की पोर्तुगीजमधले, वाळवी लागलेले असोत, चालतील. छायाप्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत दिला जाईल.